खाऊचे पैसे कुणाच्या हातात

माझी सिन्नरची आत्या गेल्या दिवाळीपासून आम्हाला निरोप द्यायला दारात येईनाशी झाली. आम्ही निघालो की नेमकं तिला आतल्या खोलीत काहीतरी काम निघायचं. कधी गोधडीची घडी घालायची राहिलेली असायची, कधी देवापुढचा दिवा बघायचा असायचा. आतूनच "या बरं का रे सांभाळून" असा आवाज यायचा आणि आम्ही पायात चपला अडकवून, रिकाम्या दाराला नमस्कार करून गाडीत बसायचो.

मी रागीट माणूस आहे, हे माझी बायको कुणालाही सांगेल. कुणी विचारलं नाही तरी सांगेल. त्यामुळं मी आधी रुसलो, मग चिडलो आणि शेवटी आत्याचं आमच्यावरचं मन उडालं असं ठरवून मोकळा झालो. खरं कारण मला माझ्या नऊ वर्षांच्या मुलीकडून कळलं. गंमत म्हणजे त्या काळात मी तिला धडे देत होतो, आणि धड्यांचा विषय होता पैसा.

आत्याचं दारात येणं म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. आमच्याकडे पाहुणा निघाला की घरातल्या लहान मुलाच्या हातावर पैसे ठेवतो आणि "खाऊला घे" म्हणतो; पाहुण्याबरोबर मूल असलं तर घरातली वडील माणसंही तसंच करतात. ऐकायला सोपं वाटतं, पण त्याची सगळी पद्धत ठरलेली असते. पाहुण्यानं खिशात हात घातला की आईबापांनी "अहो राहू द्या, कशाला उगाच" म्हणायचं. मुलानं हात मागं न्यायचा, पण फार मागं नाही. पाहुण्यानं म्हणायचं, "तुम्हाला कुठं देतोय, पोराला देतोय." असं दोन-तीनदा झालं की आईनं हार मानून म्हणायचं, "घे आता, आणि पाया पड." मग दार लागायचं, आणि दार लागल्याबरोबर आई म्हणायची, "दे इकडं, जपून ठेवते." आईनं जपून ठेवलेले पैसे पुन्हा पाहिलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. माझ्या लहानपणीच्या सगळ्या खाऊच्या पैशांत नांदगावला एखादा गुंठा तरी आला असता, असं मी मोठेपणी एकदा आईला म्हणालो. ती म्हणाली, "आणि इतकी वर्षं जेवायला घातलं त्याचे किती झाले?"

या खेळात आत्या उस्ताद होती. ती नांदगावला आमच्याकडे यायची आणि परत निघाली की सगळं घर तिला पोचवायला एसटी स्टँडवर जायचं. तिथं तिची आणि आईची झटापट व्हायची. आई तिचा हात धरायची, आत्या दुसऱ्या हातानं माझा खिसा गाठायची. एकदा या ओढाताणीत माझा खिसाच फाटला. पैसे मिळाले पाच आणि शिंप्यानं शिवायचे घेतले दोन. दुसऱ्या खेपेला आईनं तिला बसमध्ये चढेपर्यंत काही करू दिलं नाही, तर आत्यानं बस सुटता सुटता खिडकीतून नोट खाली टाकली आणि ती पकडायला मी, आई आणि एक शेंगदाणेवाला असे तिघं धावलो. आत्या खिडकीतून समाधानानं बघत होती. कुणाकडून निघताना लहान मुलाच्या हातावर काही ठेवलं नाही, किंवा आपल्या दारातून लहान मूल रिकाम्या हातानं गेलं, असं तिच्या आयुष्यात कधी झालेलं नव्हतं.

झालं ते गेल्या दिवाळीत. आम्ही सिन्नरहून निघालो होतो. आत्या दारात आली, कमरेला खोचलेली छोटी पिशवी चाचपली आणि म्हणाली, "थांब, पोरीला खाऊला..." मी रीतीप्रमाणे म्हणालो, "राहू दे गं आत्या, कशाला उगाच." आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मग पिशवीवरचा हात काढला आणि म्हणाली, "बरं. राहू दे मग."

मी पुढच्या 'नको'साठी तोंड उघडून तयार होतो. ते तसंच उघडं राहिलं. उभ्या आयुष्यात माझं 'राहू दे' कुणी खरं मानलं नव्हतं. गाडीत बसल्यावर मी बायकोला म्हणालो, "म्हातारी कंजूष झाली." बायको म्हणाली, "तुम्हीच नको म्हणालात ना?" मी म्हणालो, "मी म्हणणारच. तिनं ऐकायचं नसतं." त्यानंतर आत्या दारात यायचीच बंद झाली.

इकडे नाशकात आमच्या घरी या खाऊच्या पैशांची वेगळीच तऱ्हा चालली होती. पाहुण्यांच्या खिशात आता पैसेच नसतात. माझा एक मित्र आला होता, निघताना त्यानं सवयीनं खिशात हात घातला आणि फोन बाहेर काढला. "तुझा तोच नंबर ना? पोरीला खाऊला पाठवून देतो." मी म्हणालो, "अरे राहू दे, कशाला." तेवढ्यात माझा फोन टुंग वाजला. "पोचले का?" "पोचले." मुलगी या सगळ्या वेळात तळहात पुढं करून उभी होती. मित्राला काय करावं कळेना, त्यानं तिच्या हातावर टाळी दिली आणि तो जिना उतरला.

असं चार-पाच वेळा झालं. मुलगी त्यातलं काही विसरली नाही. दोन महिन्यांनी तोच मित्र सहकुटुंब आला. पोहे चालू असताना मुलगी त्याला म्हणाली, "काका, तुम्ही मागच्या वेळी मला शंभर रुपये दिले होते ना? त्याचं पप्पांनी पेट्रोल टाकलं." मित्राच्या बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं की मी हातातली बशी खाली ठेवली. मी म्हणालो, "छे, ते बँकेत आहेत. अगदी सुरक्षित." मुलगी म्हणाली, "दाखवा."

महिनाअखेर होती. फोनवर चारशे आणि काही रुपये दिसत होते. मुलीनं आकडा नीट वाचला आणि विचारलं, "यातले माझे कुठले?"

मी म्हणालो, "तसे वेगळे नसतात बाळा. सगळे एकत्रच असतात."

"मग पेट्रोल टाकलं तेव्हा कुणाचे गेले?"

मी शाळेत गणित शिकवतो. नफा-तोटा आणि सरळव्याज हे माझे हातखंडा विषय. पण मी फोन उलटा करून ठेवला, आणि समोर चौघंजण पोहे खात उत्तराची वाट बघत होते. पाहुणे गेल्यावर बायको एवढंच म्हणाली, "आमच्या पतसंस्थेत ठेवीदारांना असं उत्तर दिलं असतं तर दुसऱ्या दिवशी दाराला टाळं लागलं असतं."

त्या संध्याकाळी मी ठरवलं की या मुलीला खरा पैसा शिकवायचा. हातात धरता येणारा, मोजता येणारा, दिला की कमी होणारा. टुंग वाजणारा नाही. दर रविवारी तिला पन्नास रुपये रोख द्यायचे आणि त्यांचं काय करायचं ते तिनं ठरवायचं. बायको पतसंस्थेत रोखपाल आहे. तिला सांगितलं असतं तर एका मिनिटात सुट्टे मिळाले असते. पण पोह्यांचा प्रसंग ताजा होता, म्हणून पगार झाल्याच्या दिवशी मी शाळा सुटल्यावर स्वतः बँकेत गेलो.

खिडकीतल्या माणसाला म्हणालो, "पाचशेचे दहा-दहाचे सुट्टे द्या." तो म्हणाला, "सर, नाणी चालतील का?" त्याचा चेहरा असा काही उजळला की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. मी म्हणालो, "चालतील की, न चालायला काय झालं?" त्यानं दहाच्या नाण्यांची पिशवी अगदी लगबगीनं माझ्या हातात दिली आणि वर "अजून हवी असतील तर या" म्हणाला. बँकेत मला एवढं प्रेम त्याआधी कधी मिळालं नव्हतं.

रविवारी मी मुलीला समोर बसवून पाच नाणी मोजून दिली. घाम, कष्ट, काटकसर यावर थोडं बोललो. ती नाणी मुठीत घेऊन खाली दुकानात चिक्की आणायला गेली आणि पाच मिनिटांत परत आली. "पप्पा, तुम्ही दिलेले पैसे खोटे आहेत. दुकानदार काका घेत नाहीत."

मी बनियनवर शर्ट चढवून खाली गेलो. दुकानदार म्हणाला, "सर, दहाचा ठोकळा नाही चालत." मी म्हणालो, "सरकारनं पाडलेलं नाणं आहे, न चालायला काय झालं? नाकारणं गुन्हा आहे, माहीत आहे का?" तो शांतपणे म्हणाला, "मला मान्य आहे हो सर. मी घेतो तुमच्याकडून. पण दूधवाला माझ्याकडून घेत नाही, त्याला पण जरा सांगता का?" मी त्याला नाण्यावरचा छाप दाखवला, दोन्ही बाजू वाचून दाखवल्या. तोवर गल्लीतले चार लोक जमले. एकानं सांगितलं की खरं नाणं कोणतं आणि खोटं कोणतं ते वरच्या रेषा मोजून कळतं. दुसऱ्यानं सांगितलं की उलट आहे. शेवटी चिक्की वितळायच्या आत मी फोन काढून स्कॅन केलं. दुकानातला डबा खणखणीत आवाजात म्हणाला, "दहा रुपये मिळाले." माझ्या पराभवाची बातमी त्यानं अख्ख्या गल्लीला दिली.

मुलगी वर येताना जिन्यात म्हणाली, "म्हणजे पप्पा, खरे पैसे चालत नाहीत आणि न दिसणारे चालतात."

मी म्हणालो, "चिक्की खा."

नाणी वाया घालवायची नाहीत म्हणून पुढच्या रविवारी तिला घेऊन नदीकाठच्या भाजीबाजारात गेलो. मेथीवाल्या मावशींनी नाणं हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि परत माझ्या पिशवीत टाकलं. "मास्तर, हे देवाला वाहा. देव नाय म्हनत नाय." आणि खरोखरच पंचवटीतल्या एकाही देवळात कुणी नाणं परत केलं नाही. मुलीला मार्ग सापडला. पुढच्या तीन आठवड्यांत तिनं आपली सगळी कमाई एकामागून एक देवळांत वाहिली. प्रत्येक ठिकाणी प्रसाद मिळतो, साखरफुटाणे मिळतात, कुणी रेषा मोजत नाही. मला काटकसर शिकवायची होती, आणि मुलगी दानधर्माला लागली.

मग एके दिवशी बायकोनं पतसंस्थेतून दहा-विसाच्या कोऱ्या नोटांचं पुडकं आणून माझ्यासमोर ठेवलं. पेट्रोलात गेलेले सगळे खाऊचे पैसे मी नोटांत मुलीला परत केले आणि रविवारचे पन्नासही नोटांत सुरू केले. तिला एक छोटी पर्स घेऊन दिली. ती पर्स मुलीच्या खांद्याला लागली ती लागलीच.

आता सगळं मार्गी लागलं असं मला वाटलं. पण झालं उलटं. मुलगी खर्चच करेना. आम्ही पाणीपुरी खायला गेलो आणि मी म्हणालो, "तुझ्या पैशातून घे की," तर ती म्हणाली, "तुम्ही स्कॅन करा ना." मी म्हणालो, "तुझ्याकडे आहेत की." ती म्हणाली, "फोनमधले सगळ्यांचे असतात. हे माझे आहेत." रोज झोपण्याआधी ती नोटा बाहेर काढून सरळ करायची, वास घ्यायची आणि परत ठेवायची. वहीला कव्हर हवं, पेन्सिल हवी, मैत्रिणीच्या वाढदिवसाला भेट हवी, प्रत्येक वेळी पर्सची चेन बंद आणि बोट माझ्या फोनकडे. मला व्यवहारी मुलगी हवी होती, आणि मी पै न सोडणारी सावकारीण तयार करत होतो. बायको म्हणाली, "तुमच्यावरच गेली आहे." मी म्हणालो, "मी कुठं कंजूष आहे?" आणि तिनं तोंड उघडायच्या आत उठून गेलो.

अशातच परवाच्या रविवारी आम्ही सिन्नरला गेलो. खरं सांगायचं तर मला जायचं नव्हतं. आत्या दारात येणार नाही आणि मला पुन्हा वाईट वाटणार, हे ठरलेलं होतं. पण आत्याचे गुडघे दुखत होते, आणि रुसवा धरून न जाण्याइतका मी लहान नाही, एवढं बायकोनं मला दोनदा सांगितलं होतं.

आत्येभाऊ तिथल्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात कामाला आहे. मनाचा मोठा माणूस. आईची सेवा तर अशी करतो की आम्ही लाजावं. चहा घेताना तो म्हणाला, "दादा, आईला मी काय बी तोशीस पडू देत नाय. औषध, मिश्री, देवाची फुलं, सगळं फोनवरून. बोलायचा अवकाश, दारात हजर. पैशाला हात सुदिक लावायची गरज नाय तिला." आत्याचे यजमान एसटीत चालक होते. त्यांच्यामागं आत्याला थोडी पेन्शन येते. पूर्वी ती महिन्याच्या सुरुवातीला स्वतः बँकेत जायची, रांगेत उभी राहून पैसे आणायची. उन्हातान्हात कशाला जायचं, म्हणून आत्येभावानं ते बंद केलं. आता पेन्शन बँकेत आणि बँक त्याच्या फोनात.

मी म्हणालो, "भाग्यवान आहेस आत्या."

आत्या म्हणाली, "व्हय तर. लय भाग्यवान." आणि गुडघ्यावर हात देत उठून स्वयंपाकघरात गेली.

गणित शिकवणाऱ्या माणसाला एवढ्यावरून कळायला काही हरकत नव्हती. मला नाही कळलं. मी दुसरा कप मागितला.

जेवणं झाली. मुलगी स्वयंपाकघरात आत्याच्या मागं मागं होती. आतून दोघींचं हळू आवाजात काहीतरी चाललं होतं. आम्ही बाहेर कांद्याच्या भावावर बोलत होतो. चार वाजले तसे आम्ही निघालो. मी चपला घालायला जरा जास्तच वेळ लावला आणि दुखावून घ्यायची तयारी केली.

आणि आत्या बाहेर आली. पदर नीट डोक्यावर घेतलेला. दाराच्या मधोमध उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "थांब गं पोरी. अशीच निघाली का?" तिचा हात कमरेच्या पिशवीकडे गेला.

माझ्या तोंडून निघून गेलं, "राहू दे गं आत्या, कशाला उगाच." म्हणताक्षणी मी जीभ चावली. मागच्या वेळी याच वाक्यावर सगळं फिसकटलं होतं.

आत्या म्हणाली, "तू गप रे. तुला कोन देतंय?"

मला इतकं बरं वाटलं. तिनं मुलीचा हात धरला, त्यावर नोट ठेवली, तिची बोटं एकेक करून मिटवली आणि वर आपला हात दाबून ठेवला. "खाऊला घे. आनि बापाला देऊ नको." मुलगी पाया पडली. आत्येभाऊ आईकडे बघतच राहिला. आत्या पायऱ्या उतरून फाटकापर्यंत आली, गुडघे दुखत असताना आली, आणि आमची गाडी वळेपर्यंत तिथं उभी होती. आरशात मला ती दिसत होती. पाठ ताठ करून, फोटोला उभी राहावी तशी.

हमरस्त्याला लागल्यावर मी सुटलोच. "बघितलंत? माझी आत्या आहे ती. उगाच तुम्ही लोक काहीबाही बोलता." ते काहीबाही मीच बोललो होतो, पण बायकोनं ते काढलं नाही. मी मागं वळून मुलीला विचारलं, "किती दिले गं आजीनं?"

तिनं मूठ उघडली. "वीस."

"बघ. याला म्हणतात खरा पैसा. आजीच्या हातातून तुझ्या हातात."

मुलगी म्हणाली, "पप्पा, ते माझेच होते."

मी काही न कळून बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, "रस्त्याकडे बघा."

मग मुलीनं सगळं सांगितलं. स्वयंपाकघरात तिनं आत्याला सरळ विचारलं होतं, आजी, आम्ही निघालो की तू दारात का येत नाहीस? पप्पांना राग येतो. आत्या आधी म्हणाली की गुडघे दुखतात. मुलगी म्हणाली, मग इथं कशी उभी आहेस? तेव्हा आत्या म्हणाली, "रिकाम्या हातानं कुठं दारात येऊ बाळा? दिवाळीपास्नं माझ्या हातात रुपया नाय. तुझ्या काकाला मागू तर तो म्हनतो, काय आनायचं ते सांग. आता काय सांगू त्याला, की पोरीच्या हातावर ठेवायचेत, ते आन? मुलाकडं मागून दिले, तर ते मुलानं दिले. मी कुठं दिले?"

म्हणजे दिवाळीत पिशवी चाचपली तेव्हा ती रिकामी होती. माझं 'राहू दे' तिनं ऐकलं, कारण तिच्याकडे ऐकण्याशिवाय दुसरं काही नव्हतं. आणि मी तिला कंजूष म्हणालो होतो. मला स्वतःची शरम वाटली, आणि मी गाडीचा वेग उगाचच कमी केला.

"मग मी तिला पर्समधले दिले," मुलगी म्हणाली. "म्हटलं, हे घे आणि मग दारात येऊन मला दे."

"किती दिलेस?"

"विसाच्या पाच."

पाणीपुरीला चेन न उघडणारी मुलगी. मी म्हणालो, "शंभर दिलेस आणि वीस मिळाले? म्हणजे ऐंशी रुपये तोटा."

"तोटा कसला?" ती म्हणाली. "मी तिला दिले, तेव्हा ते तिचे झाले. मग तिनं तिच्यातले मला दिले. मी सांगितलं होतं तिला, आजी, सगळे दे, म्हणजे मला परत मिळतील. तर ती नुसती नोटा हातात धरून उभी राहिली. खूप वेळ. चहाचं दूध उतू गेलं तरी उभी होती. मग म्हणाली, सगळे कशाला? तुला वीस पुरे. बाकीचे मला लागतील."

मी विचारलं, "कशाला लागतील, विचारलं नाहीस?"

"विचारलं ना. ती म्हणाली, बघू."

बायको खिडकीबाहेर तोंड करून हसत होती, की डोळे पुसत होती, ते मला दिसलं नाही. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, कारण मला पुढचं नीट दिसत नव्हतं. मुलगी म्हणाली, "काय झालं पप्पा, पेट्रोल संपलं का?" मी मानेनंच नाही म्हणालो. मागं सिन्नरला माझी आत्या घरात होती, तिच्याकडे ऐंशी रुपये होते, आणि त्यांचं काय करायचं ते तिनं अजून ठरवलं नव्हतं.